टीडीएसचा आकडा आणि तांब्याचे आश्वासन : एका घरगुती जलशुद्धी यंत्राचे परीक्षण

निष्कर्ष आधी सांगून टाकतो. माझ्या थोरल्या बहिणीच्या कोथरूडमधील घरी २०२५च्या उन्हाळ्यात बसवलेले आरओ (पडद्यातून पाणी दाबून क्षार काढणे), यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणे) आणि यूएफ (अतिसूक्ष्म गाळणी) अशा तिहेरी पद्धतीचे जलशुद्धी यंत्र बांधणीला चांगले आहे, गळत नाही, फारसा आवाज करत नाही आणि त्यातून येणारे पाणी निर्धास्तपणे पिता येते. वर्षातले बहुतेक महिने त्या घराला त्यातल्या आरओची गरज नसते, हेही तितकेच खरे. हे यंत्र विकण्यासाठी घरी येऊन दिले जाणारे प्रात्यक्षिक ही त्याच कंपनीची सेवा आहे, आणि तिचे परीक्षण मला यंत्राच्या परीक्षणाहून महत्त्वाचे वाटते, म्हणून या लेखाचा मोठा भाग तिच्यावर खर्च होणार आहे. कंपनीचे नाव देत नाही, कारण ही तऱ्हा अनेक कंपन्यांची आहे आणि नाव दिले की वाचक ती एकाच कंपनीच्या खात्यावर टाकून मोकळा होतो.

घराची परिस्थिती सांगणे आवश्यक आहे, कारण विकत घेणारा माणूस माहिती कोऱ्या मनाने वाचत नाही. भाची पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली होती आणि बाळ दीड महिन्याचे होते. त्याच वर्षी जानेवारीत सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या भागांत जीबीएस म्हणजे गुलेन-बॅरी सिंड्रोम या हातापायांतली ताकद घालवणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले होते, काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला होता आणि संशयाचे बोट दूषित पाण्याकडे होते. कोथरूड त्या भागात मोडत नसले तरी वर्तमानपत्र तेच येते. घरात आजवर साधा कँडलचा फिल्टर होता; बाळ झाल्यापासून पाणी उकळून, गाळून, झाकून ठेवण्याचा परिपाठ सुरू झाला होता. इमारतीला महापालिकेचे, म्हणजे खडकवासला धरणसाखळीतले पाणी येते आणि मे महिन्यात ते कमी पडले की सोसायटी टँकर मागवते. टँकरचा मुद्दा पुढे येईल.

विक्री प्रतिनिधी तरुण, नम्र आणि आपल्या कामात तरबेज होता. त्याने बूट दाराबाहेर काढले आणि ताईने पाणी विचारले तेव्हा हसून नको म्हटले. तो नकारही प्रात्यक्षिकाचाच भाग असावा, असा मला संशय आहे. त्याचा पहिला प्रश्न यंत्राविषयी नव्हता. "घरात लहान मूल किंवा वयस्कर कोणी आहे का?" असे त्याने विचारले आणि उत्तर आतल्या खोलीतून आपोआप आले. मग त्याने पेनाएवढा टीडीएस मीटर नळाच्या पाण्यात बुडवला (टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या घन पदार्थांचे, मुख्यतः क्षारांचे, लिटरला मिलिग्रॅममधले एकूण प्रमाण). आकडा शंभरीच्या जरा वर आला. हा आकडा कशाचा, किती असावा, किती झाला की वाईट, यांपैकी काहीही न सांगता त्याने आपल्या बाटलीतले पाणी मोजले. तिथे २० आले. दोन आकडे शेजारी ठेवले की मोठा आकडा आरोपीसारखा दिसू लागतो, आणि तेवढेच त्याला हवे होते.

यानंतर आला तो खरा खेळ. दोन काचेचे ग्लास, एकात नळाचे पाणी, दुसऱ्यात यंत्राचे. दोहोंत धातूच्या कांड्यांच्या जोड्या सोडलेल्या आणि त्यांची पिन भिंतीवरच्या सॉकेटमध्ये. अर्ध्या मिनिटात नळाचे पाणी पिवळट झाले, मग विटकरी, मग त्यात हिरवट काळसर साका तरंगू लागला. शेजारचे पाणी जवळजवळ जसेच्या तसे राहिले. "मॅडम, हे तुम्ही रोज पिताय," तो म्हणाला आणि गप्प बसला. गप्प बसण्याचे प्रशिक्षण त्याला चांगले मिळालेले होते.

या प्रयोगात होते ते असे. जोडीतली एक कांडी लोखंडाची आणि दुसरी ॲल्युमिनियमची असते. पाण्यात विरघळलेले क्षार असतील तर त्यातून वीज वाहते, लोखंड झिजून पाण्यात उतरते आणि त्याचा गंजासारखा साका तयार होतो. ग्लासात दिसणारी घाण पाण्यातली नसते, ती कांडीतून आलेली असते. आरओच्या पाण्यात क्षारच नगण्य, त्यामुळे वीज वाहत नाही आणि रंगही येत नाही. क्षार म्हणजे मुख्यतः कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम यांचे. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या मानकात त्यांची एकूण स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत मुभा आहे. शंभराच्या आसपासचे पाणी या हिशेबात उत्तम ठरते. कॅम्पिलोबॅक्टर किंवा कावीळ पसरवणारा विषाणू यांच्याबद्दल मात्र टीडीएस मीटर एक अक्षर सांगत नाही, कारण तो पाण्याची विद्युतवाहकता मोजून क्षारांचा अंदाज बांधतो. ज्या भीतीपोटी गिऱ्हाईक दार उघडते, तिच्याशी मीटरवरच्या आकड्याचा संबंध नसतो.

हे सगळे शाळेच्या विज्ञानातले आहे आणि त्या दिवाणखान्यात बसलेल्या सर्वांनी ते कधीतरी शिकलेले होते. तरीही ते कोणाला आठवले नाही. याचे कारण शोधायचे तर यंत्रापेक्षा गिऱ्हाइकाच्या मनाकडे पाहावे लागते. कोलंबिया विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ ई. टोरी हिगिन्स यांनी १९९७मध्ये एक सिद्धान्त मांडला, त्याचा गाभा असा की, माणसाच्या प्रेरणेचे दोन वेगळे कल असतात. एक मिळवण्याचा, ज्यात नजर आकांक्षांवर आणि प्रगतीवर असते. दुसरा सांभाळण्याचा, ज्यात नजर कर्तव्यावर आणि सुरक्षिततेवर असते. मिळवू पाहणारा उत्सुकतेने पुढे सरकतो आणि संधी हुकू नये म्हणून झटतो. सांभाळू पाहणारा सावधपणे वागतो आणि चूक होऊ नये म्हणून जपतो. एखाद्याचा मूळ स्वभाव एका बाजूचा असू शकतो, पण प्रसंगाने आणि प्रश्नाच्या शब्दांनीही कल पालटतो. दीड महिन्याचे बाळ असलेल्या घरात सांभाळण्याचा कल जागा करायला फार कष्ट पडत नाहीत. एक प्रश्न पुरतो.

तो प्रश्न कुटुंबाबद्दल होता, यालाही अर्थ आहे. जेनिफर आकर आणि अँजेला ली यांनी २००१मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात द्राक्षरसाची जाहिरात दोन तऱ्हांनी दाखवली होती. एकीत अंगात ताकद येण्याची गोष्ट, दुसरीत आजार टाळण्याची. वाचकाला स्वतःपुरता विचार करायला लावले तेव्हा पहिली अधिक पटली, कुटुंबाचा एक घटक म्हणून विचार करायला लावले तेव्हा दुसरी. आपल्याकडे घरगुती वस्तू एकट्यासाठी क्वचितच घेतली जाते, आणि पिण्याचे पाणी तर कधीच नाही. प्रतिनिधीने हा अभ्यास वाचलेला असण्याची शक्यता नाही. दारोदार फिरून त्याच्या धंद्याला हे शहाणपण आधीच आलेले आहे.

आता दाजी आणि ताई यांनी तीच माहिती कशी वाचली, ते पाहू. दाजी बँकेतून निवृत्त झालेले आहेत आणि छापील कागद पेन्सिल हातात घेतल्याशिवाय वाचत नाहीत. त्यांनी माहितीपत्रक शेवटच्या पानापासून सुरू केले, कारण अटी तिथे असतात. साठवण किती लिटरची, मेंब्रेन म्हणजे आरओचा क्षार अडवणारा पडदा किती टीडीएसपर्यंत चालतो, हमी किती दिवसांची, हमीत कोणते भाग येत नाहीत, सेवेला उशीर झाला तर काय, असे एकेक कलम त्यांनी तपासले आणि 'बदलण्याजोगे भाग हमीत नाहीत' या बारीक ओळीखाली रेघ मारली. ती ओळ प्रतिनिधीने सांगितलेली नव्हती. मिशेल तुआन फाम आणि तमार अवनेट यांच्या २००४मधील अभ्यासाचा निष्कर्ष असा होता की, आकांक्षा जागवलेली माणसे जाहिरातीच्या भावनिक आकर्षणावर अधिक विसंबतात, तर कर्तव्याची जाणीव जागवलेली माणसे दाव्यांच्या बळाकडे पाहतात. दाजी या वर्णनात चपखल बसतात. त्यांना फसवणे सर्वांत अवघड असायला हवे होते.

तसे झाले नाही, आणि माझ्या मते या सेवेचे मर्म इथे आहे. सावध वाचक समोर ठेवलेले प्रत्येक कलम कसून तपासतो, पण कलमांच्या यादीतच जो प्रश्न नाही तो त्याला सहजी सुचत नाही. रुई झू आणि जोन मायर्स-लेव्ही यांनी २००७मध्ये दाखवले होते की, मिळवण्याचा कल असलेली माणसे निरनिराळ्या गोष्टींमधले नाते शोधतात आणि सांभाळण्याचा कल असलेली माणसे एकेका गोष्टीच्या तपशिलात शिरतात. दाजींनी मेंब्रेन २००० टीडीएसपर्यंत चालते हे वाचले आणि समाधानाने मान डोलावली. आपल्या नळाला शंभर असताना २००० पर्यंत चालणारी मेंब्रेन कशाला हवी, ही दोन वाक्यांना जोडणारी शंका त्या यादीत कुठेच नव्हती.

ती शंका काढली ताईने. ताईचा स्वभाव उत्साही. घरात नवी वस्तू येणार म्हटले की ओट्यावर ती कुठे शोभेल याचा विचार तिच्या मनात आधी सुरू होतो. तिने कागद वाचलाच नाही, चित्रे पाहिली आणि एकदम विचारले, "मग आपण तीस वर्षे हे पाणी प्यायलो, त्याचे काय?" संपूर्ण प्रात्यक्षिकात विचारला गेलेला हा सर्वांत चांगला प्रश्न होता. "तेव्हाचे पाणी वेगळे होते, मॅडम," असे उत्तर आले, आणि क्षणाचाही विलंब न लावता प्रतिनिधीने पत्रकाचे पान उलटून तांब्याच्या रंगाचे दुसरे यंत्र दाखवले. त्यात तांब्याचे कार्ट्रिज होते, अल्कलाइन पाण्याचे आश्वासन होते, रोगप्रतिकारशक्तीचा उल्लेख होता. ताईचा प्रश्न तिथेच विरला. तिच्या माहेरी, म्हणजे आमच्या घरी, आजी रात्री तांब्याचा गडू भरून ठेवत असे. त्या आठवणीला हात घातल्यावर तीस वर्षांचा हिशेब कोण मागणार?

या तांब्याचे मूल्यमापनही करायला हवे. तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातले जिवाणू कमी होतात, हे खरे आहे. तो परिणाम धातूच्या पृष्ठभागाशी तासन् तास आलेल्या संपर्काचा असतो. कार्ट्रिजमधून पाणी काही क्षणांत निघून जाते. पत्रकावर लिटरमागे किती तांबे पाण्यात उतरते याचा आकडा नव्हता, आणि मानकात तांब्याला वरची मर्यादा दिलेली आहे (लिटरला स्वीकार्य ०.०५ मिलिग्रॅम, पर्यायी स्रोत नसल्यास १.५), हे तर कुठेच नव्हते. अल्कलाइन पाण्याबद्दल इतकेच म्हणता येईल की, पिण्याच्या पाण्याचा सामू, म्हणजे पाणी आम्ल की अल्कलाइन हे दाखवणारा पीएचचा आकडा, ६.५ ते ८.५ दरम्यान असावा असे तेच मानक सांगते आणि नळाचे शुद्ध केलेले पाणी सहसा त्यात असते. पोटात गेल्यावर त्याची गाठ तीव्र आम्लाशी पडते आणि बाटलीवरच्या सामूचे तिथे फारसे चालत नाही. एकाच यंत्रात आधी आरओने पाण्यातले क्षार काढायचे आणि मग कार्ट्रिजने क्षार घालायचे, यातली गंमत त्या दुपारी कोणाच्या लक्षात आली नाही, कारण काढण्याची गोष्ट दाजींना सांगितलेली होती आणि घालण्याची ताईला.

शब्दांची निवड मी मुद्दाम ऐकत होतो. दाजींशी बोलताना "हे नसेल तर", "उद्या काही झाले तर", "दवाखान्याचे एक बिल". ताईशी बोलताना "हे आले की", "चव बघा", "पाहुणे विचारतील". हिगिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३मध्ये विद्यार्थ्यांना कॉफीचा मग आणि पेन यांतून निवड करायला लावली होती. काहींना निवडीतून काय मिळेल याचा विचार करायला सांगितले, काहींना न निवडल्यास काय गमावू याचा. बहुतेकांनी मगच निवडला, पण ज्यांची विचार करण्याची रीत त्यांच्या मूळ कलाशी जुळली होती त्यांनी त्याच मगची किंमत लक्षणीय जास्त लावली. आपल्याला रुचेल अशा रीतीने निर्णयापर्यंत पोहोचलो की तो निर्णयच बरोबर वाटू लागतो आणि ते बरे वाटणे वस्तूच्या खात्यात जमा होते. कोथिंबिरीच्या जुडीवर घासाघीस करणाऱ्या या घरात साडेसतरा हजारांच्या यंत्रावर एक रुपयाही कमी करून मागितला गेला नाही. तांब्याचे यंत्र तीन हजारांनी महाग होते. ते घेतले गेले नाही, एवढाच दाजींच्या पेन्सिलीचा विजय.

मी गप्प बसलो नव्हतो. यंत्राच्या पाण्याच्या नव्या ग्लासात चिमूटभर मीठ घालून तोच प्रयोग पुन्हा करण्याची विनंती मी केली. प्रतिनिधीने किंचित आढेवेढे घेतले, पण केला. (घरच्या विजेच्या पिनेशी असे खेळ वाचकांनी स्वतः करू नयेत.) स्वच्छ पाणी पाहता पाहता नळाच्या पाण्याहून अधिक गढूळ झाले. पुरावा इतका उघड होता की, आता चर्चा संपली असे मला वाटले. दाजींनी दोन्ही ग्लासांकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "तुझे बरोबर असेल. पण जोखीम कशाला घ्यायची?" ताई म्हणाली, "मीठ घातल्यावर होणारच ना तसे." प्रतिनिधीला उत्तर द्यावेच लागले नाही.

मानसशास्त्रात याच्या उलट दिसणारा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. पीटर डिटो आणि डेव्हिड लोपेझ यांनी १९९२मध्ये काही जणांना लाळेची चाचणी करायला कागदी पट्टी दिली. ती पट्टी मुळात रंग बदलणारीच नव्हती. रंग न बदलणे म्हणजे शरीरात काहीतरी कमी आहे, असे ज्यांना सांगितले होते ते पट्टीकडे अधिक वेळ पाहत राहिले आणि ती पुन्हा पुन्हा बुडवून पाहत राहिले. नकोशा बातमीवर माणूस शंका घेतो, हव्याशा बातमीवर घेत नाही, असा त्याचा अर्थ. मग नळाचे पाणी घाण असल्याची नकोशी बातमी इतक्या मुकाट्याने का स्वीकारली जाते? मला वाटते, ती बातमी नकोशी राहतच नाही. तिचा उपाय तिच्याच शेजारच्या पिशवीत असतो, किंमत हप्त्यांत फेडता येते, आणि बाळासाठी काहीतरी केल्याचे समाधान लगेच मिळते. उलट, पाणी आधीपासूनच ठीक होते ही बातमी स्वीकारली, तर हाताशी करण्यासारखे काहीच उरत नाही. कर्तव्याच्या भरात असलेल्या माणसाला शंका घेणे हाच निष्काळजीपणा वाटू लागतो, आणि दाजींच्या एका वाक्यात ते सगळे आले.

खऱ्या भीतीसाठी खरी चाचणी उपलब्ध आहे आणि ती स्वस्तही आहे. शौचजन्य दूषितपणा ओळखण्यासाठी एचटूएस चाचणीची लहान बाटली मिळते. तीत खुणेपर्यंत पाणी भरून उबदार जागी ठेवले आणि ते काळे पडले, तर पाण्याबद्दल संशय घेण्यास जागा आहे. पुण्यात राज्य सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळाही आहे. पण ही बाटली एक ते दोन दिवस मागते आणि बहुतेक वेळा काहीच न घडता तशीच राहते. अर्ध्या मिनिटात विटकरी होणाऱ्या ग्लासापुढे तिचा निभाव लागत नाही. कंपनीला आपल्या सेवेची खरोखर चाड असती, तर प्रतिनिधीने पहिल्या भेटीत ही बाटली देऊन दोन दिवसांनी परत यायला हवे होते. विक्री कदाचित घटली असती. पण ज्या घरांना यंत्र हवेच आहे, त्यांना योग्य यंत्र मिळाले असते.

यंत्राच्या वापराबद्दल थोडक्यात सांगतो. यूव्ही दिवा आणि त्यापुढची यूएफ गाळणी हे दोन टप्पे जंतूंसाठी आहेत, आणि गढूळपणा नसलेल्या पाण्यात ते आपले काम चोख करतात. बाळासाठी हवे होते ते एवढेच. आरओमुळे सुरुवातीला पाण्याची चव इतकी सपक झाली की, दाजी पाणी कमी पिऊ लागले. मेकॅनिकने आतला टीडीएस कंट्रोलरचा स्क्रू फिरवून काही पाणी मेंब्रेनला वळसा घालून सोडले, तेव्हा आकडा ५० झाला आणि तक्रार थांबली. म्हणजे साडेसतरा हजार खर्चून आपण नळाच्या पाण्याच्या अर्ध्या वाटेवर परत आलो, अशी माझी टिप्पणी घरात फारशी गोड मानून घेतली गेली नाही.

टाकाऊ पाण्याचा मुद्दा अधिक गंभीर आहे. एक लिटर शुद्ध पाण्यामागे सुमारे तीन लिटर काळ्या नळीतून सिंकमध्ये जाते. मी त्या नळीतल्या पाण्याचा टीडीएस मोजला. तो १३०च्या घरात होता. गणितही तसेच सांगते, कारण आत येणारे पाणीच शंभराचे आहे. म्हणजे जे 'अशुद्ध' म्हणून फेकले जाते तेही क्षारांच्या बाबतीत मानकाच्या मर्यादेच्या पुष्कळ आत आहे. (ते यूव्हीपर्यंत पोहोचलेले नसते, म्हणून पिण्यासाठी वापरू नये, ताई त्याची बादली भरून फरशी पुसायला वापरते, ते ठीकच.) राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९मध्ये पाण्याचा टीडीएस ५००पेक्षा कमी असेल तिथे आरओला मज्जाव करावा आणि जिथे परवानगी असेल तिथे किमान ६० टक्के पाणी वापरात यावे, असे निर्देश दिले होते. पुढे हा विषय न्यायालय आणि नियमांचे मसुदे यांतून फिरत राहिला. माहितीपत्रकात यातले काहीही नाही. 'पाण्याची बचत' असे एक हिरवे पान मात्र आहे, आणि त्यावर टक्केवारी नाही.

टँकरचे राहिले. मे अखेरीस आलेल्या टँकरचे पाणी बोअरवेलचे असावे. मीटरने सहाशेच्या वरचा आकडा दाखवला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते साधारण ६००पर्यंत पाण्याची चव चांगली मानली जाते आणि १०००च्या पुढे ती नकोशी होऊ लागते. त्या आठवड्यात आरओने आपली किंमत थोडीफार वसूल केली आणि दाजींनी ते मला दोनदा सांगितले. मला ते मान्य आहे. वाघोली, पिरंगुट यांसारख्या ठिकाणी ज्या सोसायट्या बारा महिने बोअर आणि टँकरवर आहेत, त्यांच्यासाठी हे यंत्र योग्य आहे. मराठवाड्यातल्या खाऱ्या बोअरच्या गावांतही आरओला चांगला पर्याय नाही. कोथरूड, सदाशिव पेठ, डेक्कन अशा महापालिकेच्या पाण्यावरच्या घरांना यूव्ही आणि यूएफचे साधे यंत्र पुरते. ते बरेच स्वस्त असते, पाणी वाया घालवत नाही आणि त्यात मेंब्रेन बदलण्याचा खर्च नाही. ही कंपनी असे यंत्र बनवते. त्याचे चित्र पत्रकाच्या अखेरच्या पानावर, सुट्या भागांच्या वर, लहानसे आहे. प्रतिनिधीने ते पान उघडले नाही आणि दाजींनी उघडले तेव्हा त्यांची नजर खालच्या अटींवर होती.

विक्रीनंतरच्या सेवेला मी चांगले गुण देईन. तक्रार नोंदवली की दुसऱ्या दिवशी माणूस येतो, आधी फोन करतो, ओटा पुसून जातो. वार्षिक देखभाल करार, ज्याला सगळे एएमसीच म्हणतात, तो मात्र यंत्र बसवतानाच गळ्यात मारण्याचा प्रयत्न झाला. साडेचार हजार, 'आजच घेतल्यास' सवलतीत. दुपारी आशा आणि काळजी दोन्ही दाखवून झाल्यावर या वेळी फक्त काळजी होती: मेंब्रेन गेली तर, मदरबोर्ड गेला तर, पंप गेला तर. पहिल्या वर्षी पंप आणि मदरबोर्ड हमीतच येतात, हे पेन्सिलीने रेघ मारलेल्या त्याच परिच्छेदात पुढे लिहिलेले होते, आणि दाजींनी ते बोट ठेवून दाखवले. करार घेतला नाही.

गाळण्या बदलण्याची आठवण यंत्र किती लिटर पाणी गाळले यावरून देत नाही. कंपनीचा संदेश महिने मोजून येतो. सहा महिन्यांनी मेकॅनिक पहिली सेडिमेंट गाळणी, म्हणजे गाळ अडवणारी गाळणी, बदलायला आला तेव्हा उघडलेली गाळणी फिकट दुधी रंगाची होती, आणि इथले पाणी पाहता ती आणखी तीन-चार महिने सहज चालेल, असे त्याने स्वतःच सांगितले. नव्या गाळणीवर दाजींनी स्केच पेनने तारीख घातली आहे. गाळणी तपासल्याशिवाय पुढचा बदल करायचा नाही असे ठरले आहे, आणि त्या वेळी मेकॅनिकला साध्या यूव्ही यंत्राचा भाव विचारायचा, ही ताईची सूचना आहे.